चंदाच्या चार रॅकेटी

मुंबई,
२ ऑक्टोबर १९५६

पुतळावहिनी,

इथूनच वाकले आहे, तिथून आशीर्वाद दे. आईला आणि गोवर्धनदादाला सांग, पोरगी पोटभर जेवते आणि सकाळ-संध्याकाळ कोर्टावर घाम गाळते.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं. मागच्या साली सण नव्हता, यंदा खंडेनवमी करायची. बाबा तीस वर्षं जिमखान्याचे मार्कर होते. सभासदांशी खेळायचं, कोर्ट राखायचं, रॅकेटी विणायच्या, हे त्यांचं काम. गावात नवमीला नांगर आणि कोयता पुजतात, तसे ते कोर्टामागच्या खोलीत रॅकेटी पुजायचे. शेवटच्या आजारात म्हणाले होते, "माजे मागं ही हत्यारा आपले उंबऱ्यान पुजा." मला सरावातून सुट्टी नाही, म्हणून गोटीरामबरोबर माझ्या चारही रॅकेटी सानपाड्याला पाठवते आहे. गोटीराम तुला माहीत आहेच, जुईचा. बाबांच्या हाताखाली विणकाम शिकला आणि आता त्यांच्याच जागेवर मार्कर आहे. नवमीला तो रॅकेटी तुझ्याकडे ठेवून आपल्या गावी जाईल आणि दसऱ्याला परत घेऊन येईल.

चारही रॅकेटींना नवी तांत ओढलेली आहे. ती विलायतेहून वर्षातून एकदाच येते आणि आमच्या वाट्याला मोजकी येते. उंदीर-मांजरापासून जप, मेंढीच्या आतड्याची असते ती. मागच्या हंगामात मी देशात पहिली आले ती बाबांच्या पुण्याईनं. आता ते नाहीत, म्हणून पूजेत काही कमी पडू देऊ नकोस.

तुझी
चंदा


सानपाडे,
२० ऑक्टोबर १९५६

चंदाबाय,

आशीर्वाद मागून घेतलेस, ते बरं केलंस. इथे न मागता मिळतात त्या फक्त शिव्या.

पूजा यथासांग झाली. तुझ्या रॅकेटी मधोमध, एका बाजूला दादाचा कोयता आणि पाटी, दुसऱ्या बाजूला सासूबाईंची विळी. बघायला शेजारची सुमित्राबाई आली होती. म्हणाली, "या जाल्यान मासली गावंल काय गो?" मी म्हटलं, "कप गावतो, चांदीचा."

आतड्याचं मी सासूबाईंना सांगितलं नाही. नवरात्रात आपल्या घरी मासळीचं मडकंही परसात जातं, आणि हे तर देवापुढे ठेवायचं. त्याचं काय करायचं ते मी केलं, तू काळजी करू नकोस.

तुझा तो गोटीराम मला आवडला नाही. दसऱ्याला उजाडताच दारात हजर. रॅकेट कानाला लावून तार वाजवली, तोंड पाडलं आणि पूजा कशी करायची ते मला शिकवायला लागला. मी चांगलं सुनावलं. माझ्या घरात, माझ्या देवापुढे, याची काय अक्कल चालायची? मग रॅकेटी उचलून चालता झाला.

एक मनातलं लिहिते, फाडून टाक. सासूबाई तुझ्या दादासाठी घणसोलीची एक पोरगी बघून आल्या. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली आणि पाळणा काही हलला नाही. माझ्या हाताचं लोणचं टिकत नाही, मी दावं धरलं ती गाय दगावली, असं सगळं आता मोजून दाखवतात. तुझ्या पूजेला तरी माझ्या हाताला गुण येऊ दे.

पुतळा


कलकत्ता,
२२ डिसेंबर १९५७

पुतळावहिनी,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. हंगाम पुन्हा वाईट सुरू झाला.

मागच्या साली पहिल्याच स्पर्धेत दोन रॅकेटींच्या तारा तुटल्या आणि मी हरले. तेव्हा म्हटलं, नशीब. यंदा इथे तेच. फ्रेनी कोतवालशी अंतिम सामना, शेवटच्या सेटमध्ये मी चार-दोननं पुढे. सर्व्हिस केली आणि फाट्कन तार गेली. दुसरी रॅकेट घेतली, ती तिसऱ्या फटक्याला गेली. उरलेल्या दोन ठीक होत्या, पण तोवर माझा हात बिघडला होता. मैदानावर लोक हसले वहिनी. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, बाई तारा तोडतात म्हणजे ताकद बघा. मला रडू आलं.

तारा बाहेरून साबूत, आतून कुजलेल्या. नव्या तांतीचं असं होत नाही. मोडलेल्या दोन रॅकेटींसाठी जिमखान्याची कमिटी तांत देते, गोटीराम त्या पुन्हा विणतो आणि मग त्या वर्षभर टिकतात. मग नवमीआधी ओढलेलीच तांत का तुटते? फ्रेनीच्याही रॅकेटी तोच विणतो. तिच्या कधी तुटत नाहीत.

मी कोणावर आळ घेत नाही. फक्त एवढंच लिही, यंदा तो रॅकेटी कधी घेऊन गेला? जिमखान्यात तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोचला.

चंदा


सानपाडे,
५ जानेवारी १९५८

चंदाबाय,

तू आळ घेत नाहीस म्हणतेस, आणि चौकशी पोलिसपाटलासारखी करतेस. बरं केलंस. मला तो पहिल्या दिवसापासून सरळ वाटलेला नाही.

होय, यंदा तो एक दिवस उशिरा निघाला. दसऱ्याला आभाळ होतं, म्हणून मीच त्याला म्हटलं की उद्या ये. तो काही न बोलता जुईला परत गेला. माणूस भांडला तर कळतो, न बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे ते कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी आला तेव्हा आधी तारा दाबल्या, मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याचं काही चोरलंय.

रॅकेटी घरातून कुठेही गेल्या नाहीत, माझ्या नजरेसमोर होत्या. वाटेत मचव्यावर त्याने काय केलं ते मला ठाऊक नाही.

एक चांगलं सांगते. तू गेल्या फेब्रुवारीत पुण्याला जिंकलीस ते मास्तरांनी पेपरात वाचून दाखवलं. सासूबाई पाण्याला गेल्या तिथे सांगत होत्या, "आमचे पुतलानं पूजा केली व्हती." त्यानंतर दोन महिने घणसोलीचं नाव निघालं नाही. म्हणून बाय, नवमीला रॅकेटी पाठवायचं थांबवू नकोस.

पुतळा


मुंबई,
९ फेब्रुवारी १९६०

पुतळावहिनी,

पेपर आला असेल. चार वर्षांनी पुन्हा पहिली आले. आईला माझ्यातर्फे पेढा दे.

मी विलायतेला होते तेव्हा रॅकेटी तिकडच्याच माणसानं विणल्या. विंबल्डनची दुसरी फेरी खेळले, हरले, पण एकही तार तुटली नाही. नवमीला मी कोलंबोत होते, रॅकेटी माझ्याजवळ. परत येऊन त्याच घेऊन खेळले आणि जिंकले. म्हणजे गोटीरामचा हात लागला नाही ते वर्ष चांगलं गेलं.

मग मागचं आठवत बसले. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, तिन्ही साली तार तुटली. छपन्नच्या जानेवारीत मात्र नाही, आणि तेव्हा विणल्या होत्या त्यानेच. तेव्हा बाबांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. गुरूच्या दुःखात शिष्याला लाज वाटली असेल, दुसरं काय?

मी अठ्ठावीस वर्षांची झाले वहिनी. या खेळात बाईला अठ्ठावीस म्हणजे दुपार टळली. जी तीन वर्षं गेली ती मला कोणी परत देणार नाही. यंदा पुन्हा त्याच्याकडूनच विणून घेणार आहे आणि नजर ठेवणार आहे.

चंदा


मुंबई,
१७ जानेवारी १९६१

पुतळावहिनी,

चोर सापडला.

अंतिम सामना गेला, तसाच. चारातल्या दोन तुटल्या. परत आले तर जिमखान्यात बायकांची खोली झाडणारी काशी आहे, ती बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, बोलू का नको, कलत नाय. दिवालीचे आदी, तुमी सगली जेवाला गेल्याव, गोटीराम तुमचे रॅकेटीच्या तारा कापीत व्हता. मी माजे डोल्यानं बगितला." मी तिला देवाची शपथ घातली. तिने घेतली.

त्याला विचारलं. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "तांत सैल झाली व्हती, बदलली." कोणाला विचारून? का सैल झाली? गप्प.

आणखी ऐक. मार्करला दरसाल स्वतःच्या दोन रॅकेटींसाठी चांगली तांत मिळते. हा स्वतः हलक्या नायलॉनच्या तारांनी खेळतो. मग त्याच्या वाट्याची तांत जाते कुठे? फ्रेनीच्या रॅकेटींत? ज्या घरी जेवला त्या घराचे वासे मोजणारा माणूस बाबांनी शिकवून ठेवला.

कमिटीला लिहिलं की त्याची नोकरी जाईल. त्याच्या घरी म्हातारी आहे. बाबांनी त्याला मुलासारखा वाढवला. माझा हात धजत नाही. तू चार माणसं ओळखतेस, तुझं मत लिही. तू म्हणशील तसं करीन.

चंदा


सानपाडे,
२४ जानेवारी १९६१

चंदाबाय,

यात विचारायचं काय? कुंपणच शेत खातंय, आणि तू कुंपणाच्या म्हातारीची काळजी करतेस.

यंदा नवमीला आला तेव्हा उंबऱ्यात उभा राहून मला म्हणाला, "वयनी, कुकू लावा आन ठेवा, बाकी काय करू नका, हात जोडतो." माझ्या पूजेवर याची नजर का? पूजेनं तुला यश मिळतं, ते याला नको आहे. मी तेव्हाच ओळखलं आणि त्याच्या तोंडावर म्हटलं, "तुजी सावली नको माजे देवाव." खाली मान घालून गेला. ज्याच्या मनात पाप नाही तो मान खाली घालतो का?

लिही कमिटीला. माझं नाव घातलंस तरी चालेल.

पुतळा


मुंबई,
११ मार्च १९६१

वहिनी,

लिहिलं. काल त्याला काढलं. कमिटीपुढे तो एक शब्द बोलला नाही. जाताना माझ्या बाकावर बाबांची आरी ठेवली, तार ओवायची, लाकडी मुठीची. म्हणाला, "ही दादूमामाची. तुजेकरं ऱ्हाऊ दे."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

चंदा


मुंबई,
१६ डिसेंबर १९६१

पुतळावहिनी,

हे पत्र आईला किंवा दादाला दाखवू नकोस.

यंदा रॅकेटी फोर्टमधल्या एका नावाजलेल्या कारागिरानं विणल्या. सानपाड्याला माझ्या ऑफिसचा शिपाई पंढरी घेऊन आला आणि घेऊन गेला. त्याला टेनिस म्हणजे खायचं की प्यायचं ते ठाऊक नाही. परवा पहिलीच स्पर्धा. चारही रॅकेटी गेल्या. दोन नव्हे वहिनी, चारही. मी उसन्या रॅकेटीनं खेळले आणि अठरा वर्षांच्या पोरीकडून हरले.

कारागिरानं तारा बघितल्या आणि मला म्हणाला, बाई, तुम्ही या तांतीवर सूड उगवलात का?

गोटीराम तर जुईला मिठागरावर आहे. मग कोण? कारागिराच्या दुकानातून निघाल्यापासून माझ्या हातात येईपर्यंत रॅकेटी दोनच ठिकाणी होत्या, पंढरीच्या पिशवीत आणि तुझ्या घरात. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि आता मला माझ्या स्वतःच्या माणसांकडे बघायची वेळ आली आहे. घरात कोण येतं? दादाला जमिनीवरून माझा राग आहे का? आईला मी लग्न केलं नाही त्याचं दुःख आहे, पण ती असं करील? आणि तू?

नवमीला रॅकेटी उंबऱ्याच्या आत आल्या तेव्हापासून बाहेर गेल्या तोवर त्यांचं काय काय झालं, ते जसंच्या तसं लिही. काही गाळू नकोस.

चंदा


सानपाडे,
२३ डिसेंबर १९६१

चंदाबाई,

"आणि तू?" असं लिहिलंस. तीन वेळा वाचलं. माझ्या डोळ्यांना काही झालं नसेल, तर तसंच लिहिलेलं आहे.

लिहिते. शपथेवर लिहिते.

रॅकेटी आल्या की मी पहिलं त्यांना पाटावर घेते. आंघोळ केल्याशिवाय मी त्यांना हात लावत नाही. तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस की ही मेंढीच्या आतड्याची. आतडं नवरात्रात देवापुढे तसंच ठेवू? म्हणून आधी कोमट पाणी. नुसतं शिंपडून भागत नाही, तारांच्या मधे मधे मळ असतो, तो नारळाच्या शेंडीनं घासून काढते. मग कच्चं दूध. मग पुन्हा पाणी. मग नारळ वाढवला की त्याचं पाणी चारही रॅकेटींवर. रात्रभर त्या देवापुढे ओल्या फडक्यात असतात, सुकून फुलं पडू नयेत म्हणून. दसऱ्याला कौलांवर उन्हात ठेवते, लख्ख वाळेपर्यंत. ऊन नसलं तर एक दिवस जास्त. यंदा पंढरीला मी घाई करू दिली नाही, आणि तो गोटीराम नसल्यामुळे मधे बोलायलाही कोणी नव्हतं. सगळं दुप्पट केलं, कारण यंदा तुला जिंकायचंच होतं.

दादा त्यांच्याकडे फिरकला नाही. सासूबाई लांबून हात जोडतात. माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही, आणि माझ्या हातानं मी इतकी वर्षं फक्त तुझं चांगलं मागितलं आहे. आता शोध तुझा चोर.

पुतळा


मुंबई,
२ जानेवारी १९६२

गोटीरामदादा,

लहानपणी मी तुला दादा म्हणायचे. मग तू नोकर झालास आणि मी अजिंक्य झाले, तेव्हा कधीतरी ते सुटलं.

वहिनीचं पत्र आलं. मी तिला विचारलं आणि तिने सगळं लिहिलं. पाणी, दूध, शेंडी, ऊन. तांतीला घामाचा थेंबही लागू नये म्हणून बाबा ती मेणकापडात गुंडाळायचे, आणि मी तिला उंदराचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं नाही. मला वाटलं, हे कोणालाही ठाऊक असतं.

तुला ठाऊक होतं. पहिल्या वर्षापासून. मग मला का नाही सांगितलंस? कमिटीपुढे का नाही बोललास?

कमिटीला मी आज लिहिलं आहे की चूक माझी होती. तुझ्या दारात येऊन तुझे पाय धरायला हवेत, पण यायचं धाडस अजून होत नाही, म्हणून पत्र.

चंदा


जुई,
५ फेब्रुवारी १९६२

चंदा,

मी लिहिणारा माणूस नाही. चुकलं तर हसू नको.

पहिल्या दसऱ्याला गेलो तर चारही रॅकेटी कौलावर वाळत होत्या. मी वहिनीला बोललो, पाणी नको. ती चिडली. तेवढ्यात तुझी आय आतून बोलली, "काय केलास गो आता? तुजे हाताला गुनच नाय." वहिनीचा चेहरा मी बघितला. गोवर्धनला दुसरी करायची बोलणी आख्ख्या गावाला माहीत होती. तेव्हा मी सांगितलं असतं, की पोरीच्या रॅकेटी पुतळाच्या हातानं नासल्या, तर तिला त्याच महिन्यात माहेरी घालवली असती. दादूमामांच्या घरातून एक बाई माझ्या तोंडानं बाहेर जायची, ते मला नको होतं.

दर साली माझ्या वाट्याची तांत दोन रॅकेटींना पुरायची. तुझ्या चारातल्या दोन मी कापून नव्या करत होतो. काशीनं बघितलं ते खरंच आहे. चारही करायला तांत नव्हती. उरलेल्या दोन तू आधी उचलू नये म्हणून मी पिशवीत खाली ठेवायचो. तू नेमक्या त्याच काढायचीस.

कमिटीचं उत्तर मला आलं. जागा भरली आहे म्हणतात. तसंही आता येऊन उपयोग नाही. मिठानं बोटं फुटली आहेत, तांत ओढवत नाही. आरी तुझ्याकडेच ठेव.

एक मागतो. वहिनीला सांगू नको. एवढं गप्प राहिलो, ते वाया घालवू नको.

गोटीराम


मुंबई,
१२ सप्टेंबर १९६२

पुतळावहिनी,

पहिली माफी. "आणि तू?" हे लिहिलं तो हात माझाच होता. तुझ्या पूजेत काही खोट नव्हती. तारा कारागिराच्या दुकानातच खराब निघाल्या, असं कळलं.

यंदा मात्र रॅकेटी पाठवत नाही. नवमीच्या सुमाराला बंगलोरला सामने आहेत. तू देवापुढे माझ्या नावानं एक नारळ ठेव, तेवढं पुरे.

चंदा


मुंबई,
३ ऑक्टोबर १९६४

पुतळावहिनी,

यंदाही जमत नाही. ऑफिसनं नियम केला आहे की खेळाचं सामान शहराबाहेर पाठवायचं नाही. नारळ विसरू नकोस. लागोपाठ दोन वर्षं पहिली आले ती तुझ्या नारळानंच. आईला हे मोठ्यानं वाचून दाखव.

चंदा


मुंबई,
४ ऑक्टोबर १९६६

पुतळावहिनी,

खेळ थांबवला. जानेवारीत उपांत्य सामन्यात हरले तेव्हा तार तुटली नव्हती, गुडघा तुटला होता. काल जिमखान्यानं हार घातला, भाषणं झाली. पाच वेळा अजिंक्य, सोळा हंगाम, असं सगळं वाचून दाखवलं. मी समोरच्या रांगेत एक चेहरा शोधत होते, तो नव्हता.

यंदा नवमीला मी स्वतः येते आहे, चारही रॅकेटी घेऊन. आता यांना कुठे जायचं नाही. तुला हवी तशी पूजा कर. पाणी, दूध, नारळ, मनासारखं न्हाऊ घाल. मी पाटाजवळ बसून बघीन. दहा वर्षं पाठवत किंवा टाळत राहिले, एकदाही शेजारी बसले नाही.

चंदा


सानपाडे,
११ ऑक्टोबर १९६६

चंदाबाय,

ये. रबाळ्याच्या बाजूला कारखान्यांसाठी जमिनी मोजत आहेत, दादा दिवसभर तिकडेच असतो. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, पण तुझा आवाज ओळखतील.

पूजेचं म्हणशील तर मी रॅकेटींना पाणी लावणार नाही.

तुझी पत्रं मी सगळी ठेवली आहेत. एका साली बंगलोर, एका साली ऑफिसचा नियम, एका साली पंढरी आजारी, एका साली पावसाचं निमित्त. चार नवम्या रॅकेटी आल्या नाहीत आणि त्या चार वर्षांत एकही सामना तारेपायी गेला नाही. मी संशयी बाई आहे, हे तुला कोणी सांगायला नको. मी चौथी पास आहे, इतकं मला जुळवता येतं. तरी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली असेल. म्हणून घरात दादाची एक जुनी कापूस पिंजायची धनुकली होती, तिची आतड्याची तांत काढून मागच्या नवमीला दुधापाण्यात भिजवली आणि उन्हात वाळवली. महिन्यानं बोटानं ओढली. तुटली.

त्याच दिवशी चालत जुईला गेले. गोटीराम मिठागराच्या बांधावर बसला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "वयनी, पूजा नाय चुकली. तांतच नाजूक व्हती." मी त्याची बोटं बघितली. तुझी पाच वर्षं माझ्या हातानं गेली आणि त्याची सगळी माझ्या जिभेनं. "माझं नाव घातलंस तरी चालेल" असं लिहिणारी मीच ना?

तू मला सांगितलं नाहीस. माझ्यासाठी गप्प राहिलीस, ते कळतं. पण बाय, त्याला चोर ठरवताना तू माझं मत मागितलंस, आणि मला निर्दोष ठरवताना नाही मागितलंस. मी इतकीही कच्ची नव्हते. घणसोलीची पोरगी कधीच दुसऱ्या घरी गेली, तिला तीन मुलं आहेत. मला घरातून घालवायचं कोणाच्या हातात राहिलेलं नाही.

सासूबाईंना मी गेल्या आठवड्यात सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "त्या पोराला जेवाला बोलव."

म्हणून नवमीला गोटीराम येतो आहे. बाबांची आरी आठवणीनं आण, ती मधोमध ठेवायची, तुझ्या रॅकेटी तिच्या बाजूला. बाबांसारखं लाकडाला कुंकवाचं एक बोट, आणि ते त्याच्या हातून. घरात पाणी मी फक्त तुम्हा दोघांचे पाय धुवायला काढीन.

पुतळा